घरातली बाग : झाडावर वाढणाऱ्या झाडांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात अपिवनस्पतींविषयीची, म्हणजे मातीत न रुजता दुसऱ्या झाडाच्या खोडावर किंवा फांदीवर राहणाऱ्या वनस्पतींविषयीची पत्रे नेहमीपेक्षा जास्त आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : लाकडी फळीवर बांधलेले स्टॅगहॉर्न नेचे मी विकत घेतले. फळीला चिकटलेली त्याची गोल पाने एकेक करून तपकिरी व कागदासारखी होत आहेत आणि शिंगांसारख्या पानांच्या टोकांखाली तांबूस भुकटी धरली आहे. पाने कापून औषध फवारावे का? सासूबाईंना तर हे बांडगूळ वाटते आणि ते कुंडीतल्या लिंबाजवळ ठेवू नये, असे त्या सांगतात. (ठाणे)

उत्तर : कापूही नका आणि फवारूही नका. या नेच्याला दोन प्रकारची पाने असतात. फळीला चिकटणारी गोल पाने ढालीसारखी काम करतात. ती काही काळ हिरवी राहून मग वाळतात, पण गळत नाहीत. त्यांच्या थरांमध्ये पाणी व पालापाचोळा अडकून कुजतो आणि त्यातच मुळे पोसली जातात, त्यामुळे ती सोलून काढणे म्हणजे नेच्याची कुंडीच काढून घेणे होय. टोकांखालची तांबूस भुकटी हे बीजाणू आहेत, म्हणजे आपले नेचे वयात आले आहे. पानांवर पांढुरकी लव दिसत असेल तर ती धूळ समजून पुसू नये, कारण पानातले पाणी टिकण्यास तिचा उपयोग होतो.

बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीत घुसवून झाडातील अन्नरस ओढते. अपिवनस्पती केवळ आधार घेते, त्यामुळे लिंबाला काही धोका नाही. कोकणात जुन्या झाडांच्या खोडांवर दिसणारे बाशिंग हे नेचेही अशीच तपकिरी पाने अंगाशी धरून वाढते, ते सासूबाईंच्या पाहण्यात असण्याचा संभव आहे.

पाणी देण्यापूर्वी फळी उचलून पाहावी. ती हलकी लागली तरच बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवावी व निथळल्यावर पुन्हा टांगावी. पुन्हा बांधण्याची वेळ आली तर मॉसवर (मुळांभोवतीच्या ओल धरणाऱ्या शेवाळावर) तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळावा, मात्र नवी पाने जिथून फुटतात तो मधला कोंब मॉसखाली गाडला जाऊ देऊ नये.

प्रश्न : मे-जून महिन्यांत घाटातल्या रस्त्यावर काही जण फांदीसकट सीतेची वेणी विकायला बसतात. नर्सरीतल्या ऑर्किडपेक्षा ती बरीच स्वस्त मिळते. ती घ्यावी का आणि घरात जगेल का? (पुणे)

उत्तर : घेऊ नये, आणि घेतलीच तर बहुतेक वेळा ती जगतही नाही. सीतेची वेणी, म्हणजेच रिंकोस्टायलिस रेटुसा, हे आसामचे राज्यपुष्प असून तेथील मुली बिहू नाचताना ते केसांत माळतात. आपल्याकडेही सह्याद्रीत ते नैसर्गिकरीत्या वाढते, आणि नेमके म्हणूनच ते ओरबाडले जाते. राखीव जंगलातून वनोपज काढणे हा १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, तर अभयारण्यातून वनस्पती उपटण्यास १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो.

कायदा बाजूला ठेवला तरी हा सौदा तोट्याचाच आहे. ऑर्किडच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे पांढरट आवरण असते. ते पाऊस व दव शोषून घेते आणि भिजल्यावर आतला हिरवा रंग दिसू लागतो. ही मुळे सालीला इतकी घट्ट चिकटलेली असतात की रोप खेचताना ती हमखास तुटतात, आणि मोठ्या आकाराचे, भरपूर पानांचे, पण मुळे गमावलेले रोप पुढचा उन्हाळा क्वचितच पाहते. जंगलात त्याची जागा भरून निघण्यासही वर्षे लागतात. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असून त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे योग्य बुरशीची साथ मिळाल्याखेरीज ते रुजत नाही.

खरेदी करताना फुलांनी भुलून न जाता प्रथम मुळे पाहावीत. टणक, पांढरट-करडी आणि टोकाशी हिरवा किंवा तांबूस ठिपका असलेली मुळे वाढत असतात; पिचपिचीत किंवा पोकळ लागणारी मेलेली असतात. एकाच आकाराची पुष्कळ रोपे, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या आणि कुंडीच्या गोलाईप्रमाणे वळलेली मुळे ही नर्सरीत वाढल्याची लक्षणे आहेत. याउलट मुळांना चिकटलेले सालीचे तुकडे, पानांवरचे दगडफूल आणि ताज्या तुटीच्या जखमा दिसल्या तर रोप जंगलातून आले आहे, असे समजावे. विक्रेता काहीही सांगो.

फॅलेनॉप्सिस किंवा डेंड्रोबियमच्या संकरित जातींपासून सुरुवात करावी. त्या कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे अशा मोकळ्या मिश्रणात लावाव्यात. नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावलेल्या ऑर्किडची मुळे आपल्या पावसाळ्यात गुदमरतात.

प्रश्न : काचेच्या बंद गोळ्यात ठेवलेली तीन टिलँडसिया रोपे (मातीविना वाढणारी ‘एअर प्लांट’) ऑनलाइन मागवली. रोज रात्री पाणी फवारत होते, तरी जुलैत दोन मधूनच निखळून हातात आली. (मुंबई)

उत्तर : ती कुजली, आणि त्याला गोळा व रात्रीची फवारणी ही दोन्ही कारणे आहेत. ‘हवेवर जगणारे रोप’ ही जाहिरात फसवी आहे. टिलँडसिया पानांवरच्या रुपेरी खवल्यांनी पाणी घेते आणि त्यानंतर तिला खेळती हवा लागते. ती पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडत असल्यामुळे रात्री ओली राहिलेली पाने धड श्वासही घेऊ शकत नाहीत. म्हणून सकाळी पाण्यात बुडवावे, उलटे धरून झटकावे आणि चार तासांत कोरडे होईल अशा जागी ठेवावे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा बुडवणे पुरते. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र पाणी फार क्वचित द्यावे. तेव्हा पंख्याखालची जागा अधिक उपयोगी पडते. टांगण्यासाठी तांब्याची तार वापरू नये, या कुळातील वनस्पतींना तांबे विषारी ठरते. रंग फवारलेली किंवा शिंपल्यात डिंकाने बुडापर्यंत चिकटवलेली रोपे कितीही देखणी दिसली तरी घेऊ नयेत.

प्रश्न : आमच्या ब्रह्मकमळाला दरवर्षी फुले येत असत. मोठ्या कुंडीत, भरपूर शेणखत घालून लावल्यापासून ती बंद झाली. (कोल्हापूर)

उत्तर : आपण घराघरांत ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तो मेक्सिको व मध्य अमेरिकेतील, झाडांच्या बेचक्यांत वाढणारा निवडुंग आहे, हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे. याची मुळे थोडी दाटीत असली तरच तो फुलतो. शेणखताने नुसती पाने, खरे तर चपटी खोडे, वाढतात. पुन्हा लहान कुंडीत, निम्मी वाळू व विटांचे तुकडे घालून लावावे आणि सकाळचे कोवळे ऊन मिळू द्यावे. लांबलेली जुनी खोडे छाटू नयेत, कळ्या त्यांच्याच खाचांतून येतात. कळी दिसू लागल्यावर कुंडी फिरवू किंवा हलवू नये, अन्यथा कळ्या गळतात.