आधी इंजेक्शनची तारीख, मग स्कॅन

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आईचं वय ६९. दोन वर्षांपूर्वी मणका दबला, तेव्हापासून हाडांच्या ठिसूळपणावर दर जानेवारी आणि जुलैत डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू आहे, एकाला ९,००० रुपये. हाडांची घनता सांगणारा टी-स्कोअर उणे ३.१ वरून उणे २.८ वर आला. आता लॅबवाले तीन वर्षांत सहा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारे) १५,००० रुपयांत करून देतायत, एरवी एका स्कॅनला ३,२०० लागतात. भाऊ म्हणतोय, आकडा सुधारलाय तर वर्षभर इंजेक्शन थांबवू, पॅकेज घेऊ आणि स्कॅनवर लक्ष ठेवू. त्यासाठी आईच्या पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले पैसे काढावेत का, असं तुम्ही विचारलंय.

पॅकेज घेऊ नका. आणि इंजेक्शन तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक महिनाही पुढे ढकलू नका.

भावाच्या हिशेबात वर्षाचे १८,००० वाचतात. पण हे औषध मध्येच सोडलं की कमावलेली घनता झपाट्याने उतरते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. आईचा तर एक आधीच दबलाय. बंद करायचंच झालं तर डॉक्टर त्याच्या मागोमाग दुसरं औषध देतात, नुसतं थांबवत नाहीत. स्कॅन फक्त झालेली झीज दाखवेल, ती रोखणार नाही.

हे मी पोळलेल्या हाताने लिहितोय. माझ्या मावशीच्या याच इंजेक्शनची तारीख आली तेव्हा तिच्या एफडीची मुदत संपायला तीन महिने होते. ‘मोडून व्याज कशाला घालवायचं, इंजेक्शन नंतर घे,’ असं मीच तिला सांगितलं. तिसऱ्या महिन्यात देवासमोरून उठताना तिच्या पाठीत कळ गेली. एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले दिसले. वाचवलेलं व्याज हजार रुपयेसुद्धा नव्हतं.

आता स्कॅनचं. हाडांची घनता सावकाश बदलते. त्याच मशीनवर त्याच माणसाला लगेच पुन्हा झोपवलं तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतो, आणि सहा महिन्यांतला बदल बहुतेकदा त्या फरकातच बुडून जातो. म्हणून उपचार चालू असताना एक-दोन वर्षांनी एक स्कॅन पुरतो. तीन वर्षांत दोन धरले तर ६,४०० रुपये. म्हणजे पॅकेजमध्ये तुम्ही ८,६०० जास्त मोजणार. दुसरं म्हणजे, आईचा पहिला स्कॅन पुण्यात आणि दुसरा साताऱ्यात झाला. मशीन वेगळं असलं की आकडे थेट ताडून बघता येत नाहीत, त्यामुळे ३.१ आणि २.८ मधल्या फरकावर फार विसंबू नका. यापुढे एकच सेंटर धरा. मोफत शिबिरात टाचेवर करतात ती तपासणीही यासाठी चालत नाही.

पोस्टातलं खातं मोडू नका. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेली असली तरी एक टक्का कापतात, म्हणजे आईच्या पाच लाखांवर ५,०००. उलट त्याच खात्याकडे नीट बघा. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १०,२५० रुपये व्याज येतं, आणि ते १ जानेवारी व १ जुलैलाही जमा होतं. आईच्या इंजेक्शनचे महिनेही तेच! हे दोन हप्ते इंजेक्शनसाठी बाजूला ठेवा. सध्या ते घरखर्चात जातात, तेवढा खर्च तुम्ही दोघा भावंडांनी उचला. महिन्याला प्रत्येकी साधारण ८५५ रुपये पडतील. स्कॅन आणि कॅल्शियम-व्हिटॅमिन डीच्या तपासण्या एप्रिल-ऑक्टोबरच्या व्याजातून भागतील.

आईचा आरोग्य विमा नाही. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर तिच्या उपचारावर तुम्ही केलेला खर्च ५०,००० पर्यंत तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. मात्र पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि बिलं जपून ठेवा. पुढच्या वर्षी तिला सत्तर पूर्ण झाली की आयुष्मानचं कार्ड काढा. त्यातून इंजेक्शन किंवा स्कॅनचे पैसे मिळणार नाहीत, पण पडून हाड मोडलं आणि ॲडमिट करावं लागलं तर पाच लाखांपर्यंतचा आधार आहे.

जुलैच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: हे इंजेक्शन किती वर्षं, आणि त्यानंतर कोणतं औषध? उत्तर कळवा, त्याप्रमाणे पुढच्या पाच वर्षांचा खर्च मांडून देतो.