साताऱ्यातील धावण्याच्या गटात येताना: आठवड्याचा क्रम, घाट आणि नंतरचा चहा

आपण विचारले आहे की, वयाच्या 43 व्या वर्षी जेमतेम पाच किलोमीटर सलग धावता येत असताना गटात यावे की आधी एकट्याने तयारी करावी. आणि धावणे संपल्यावर चहा-नाश्त्याला न थांबता घरी गेलेले चालते का. दोन्ही प्रश्नांची उत्तरे रविवारच्या लांब दौडीत सापडतात, म्हणून बाकीचे वार थोडक्यात सांगून मी तिथेच अधिक रेंगाळणार आहे.

मंगळवारी आम्ही शाहू स्टेडियमवर जमतो. दहा-पंधरा मिनिटे सावकाश धावून अंग मोकळे केल्यावर 400 मीटरच्या वेगवान फेऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटे चालणे, एवढाच कार्यक्रम असतो. जुने सदस्य आठ-दहा फेऱ्या मारतात, आपण चारांवर थांबावे. मागे पडण्याची भीती तिथे बाळगण्याचे कारण नाही, कारण गोल मार्गावर कोण पुढे आणि कोण मागे हे पाचव्या मिनिटाला कोणालाच सांगता येत नाही. गुरुवारी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर चढाचा सराव असतो. पहिले दोन महिने तो चालत केलात तरी पुरे आहे.

रविवारी पहाटे सव्वापाचला पोवई नाक्यावर जमून समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाला लागायचे आणि ज्याचे जितके अंतर ठरले असेल तितके जाऊन परतायचे, असा शिरस्ता आहे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचा मार्गही याच घाटाने कासच्या दिशेने चढतो आणि त्याच वाटेने खाली येतो, त्यामुळे पावसाळ्यात इथे गर्दी वाढते. ही दौड सावकाश करायची असते, हे सर्वांना पाठ असते आणि जवळजवळ कोणीच पाळत नाही. घड्याळातील आकड्यांपेक्षा मी गप्पांवर अधिक विश्वास ठेवतो: शेजारच्याला घरातल्या लग्नाची हकिकत न धापता, पूर्ण वाक्यांत सांगता येत असेल तर वेग योग्य आहे, उत्तरे ‘हो’, ‘हं’वर आली की वेग वाढलेला आहे, मग घड्याळ काहीही म्हणो. मी स्वतः पहिल्या वर्षी हे मानले नाही. दर रविवारी पुढच्या टोळक्याला चिकटून धावलो, त्याची परिणती नडगीच्या दुखण्यात झाली आणि ऐन जुलैत सहा आठवडे घरी बसावे लागले. त्यानंतर मी आपण होऊन मागच्या टोळक्यात आलो आणि अजून तिथेच आहे.

नवख्यांना चढाची धास्ती असते, पण त्रास देते ती उतरण. चढताना दम लागतो आणि तो पाच मिनिटांत शमतो. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, आणि ती दुखापत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. पहिल्यांदा पूर्ण घाट उतरल्यानंतर दोन दिवस मला जमिनीवर मांडी घालून जेवायला बसता आले नव्हते. म्हणून सुरुवातीला उतरणीवर लांब ढांगा टाकू नयेत, पावले आखूड आणि भरभर ठेवावीत, आणि लागोपाठच्या दोन रविवारी पूर्ण घाट करू नये.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धुके इतके दाट असते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, एकामागोमाग एक धावावे. पाठीवर चमकणारी पट्टी आणि लहान दिवा असावा. कासकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या उजाडल्यावर वाढत जातात, त्याआधी खाली आलेले बरे. ओल्या मोज्यांनी पायाला फोड येतात, तेव्हा व्हॅसलीन आणि मोज्यांचा कोरडा जोड सोबत ठेवावा.

आता चहाविषयी. पाण्याचे कॅन, लिंबू, मीठ आणि गूळ आणण्याची पाळी आळीपाळीने येते, त्याची वर्गणी महिन्याला काढतात. पोह्यांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, आणि वाढदिवस असेल त्याने कंदी पेढे आणायचे. या रविवारच्या बैठकीत कोणाचे बूट बदलायला झाले, कोणाच्या मुलीला पुण्यात खोली हवी आहे, इथपर्यंत सर्व विषय निघतात, आणि वेगाचे आकडे रोज ग्रुपवर टाकणारे एक-दोघे तिथे चेष्टेचा विषय होतात. (ते त्यांना आवडते, असा माझा समज आहे.) ज्यांना दुकान उघडायचे असते किंवा घरी आजारी माणूस असते, ते थांबत नाहीत आणि त्यांना कोणी बोल लावत नाही.

मात्र न सांगता निघून जाऊ नये. चहाच्या वेळी आम्ही डोकी मोजतो. एका धुक्याच्या रविवारी एक माणूस कमी भरला, फोन लागेना, म्हणून आम्ही दोघे पुन्हा घाट चढलो आणि प्रत्येक वळणावर कठड्यापलीकडे वाकून हाका मारत तासभर फिरलो. तो गृहस्थ थेट घरी जाऊन, आंघोळ उरकून, झोपला होता. तेव्हापासून सर्वांत शेवटी धावण्याची जबाबदारी दर रविवारी एकावर असते, आणि लवकर जाणाऱ्याने ‘उतरलो, घरी निघालो’ एवढा निरोप त्याला देण्याचा नियम आहे.

तेव्हा स्वतंत्र तयारीत वेळ न घालवता येत्या रविवारीच यावे, घाटात दोन किलोमीटर चालत-धावत जाऊन परतावे. या महिन्यात शेवटचा धावणारा मीच आहे.