अँपिसिलिनशिवाय प्लाझ्मिड टिकवायचा तर

सांगलीच्या लॅबमध्ये तू नवीन आहेस, म्हणून आधीच सांगते. प्लाझ्मिड (जिवाणूतला डीएनएचा छोटा, सुटा गोल) टिकवायला अँपिसिलिन या प्रतिजैविकावर फार विसंबू नकोस. प्लाझ्मिडवाले जिवाणू बीटा-लॅक्टमेज हे औषध फोडणारं विकर बाहेर सोडतात, औषध फुटतं आणि प्लाझ्मिड नसलेलेही शेजारी वाढतात. मोठ्या कॉलनीभोवतीची बारीक पिल्लं तीच.

त्याऐवजी सुरुवात प्रोलीनपासून, म्हणजे पेशीला लागणाऱ्या एका अमिनो आम्लापासून कर. ई. कोलाय या जिवाणूचा, प्रोलीन बनवणारी 'प्रोबीए' जनुकं काढलेला वाण घे, तीच जनुकं प्लाझ्मिडवर ठेव. प्लाझ्मिड गेला की प्रोलीन बंद, वाढ बंद. पण हे एम९ सारख्या किमान माध्यमातच चालतं, म्हणजे ज्यात आयतं अमिनो आम्ल नसतं. एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमातल्या ट्रिप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून प्रोलीन आयतं मिळतं. माझे दोन महिने यातच गेले. एलबीतून काढलेल्या पेशी एम९ वर टाकण्याआधी दोनदा धू. आणि प्लाझ्मिड नसलेला वाण प्रत्येक वेळी शेजारच्या प्लेटवर लाव. तो वाढला तर निवड झालीच नाही, बाकीच्या प्लेटा मोजूच नकोस.

एलबीच हवं असेल तर विष-प्रतिविषाची जोडी बघ: गुणसूत्रावर विषाचं जनुक 'सीसीडीबी', प्लाझ्मिडवर प्रतिविषाचं 'सीसीडीए'. प्रतिविष लवकर विघटित होतं, विष उरतं, म्हणून प्लाझ्मिड हरवलेली पेशी मरते.

कल्चर मात्र ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाच्या वाफेत जंतू मारल्याशिवाय) बेसिनमध्ये ओतायचं नाही. खाली कृष्णा आहे.