गाडी माळावर, आपण ठाण्यात

प्रश्न : काका, ह्यांनी हौसेने ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतली. आरसीवर तशी नोंदही झाली, पण गाडी सोसायटीच्या पोडियममध्ये बीमखालून जात नाही. शहापूर तालुक्यात किन्हवलीजवळ सासऱ्यांची मोकळी जागा आहे. थोडं भाताचं खाचर, बाकी वरकस म्हणजे माळाची हलकी जमीन. आमची फेरी दोन-अडीच महिन्यांनी होते. मधल्या काळात गाडी तिथे ठेवली तर चालेल का? चोरीची फार धास्ती वाटते.
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : ताई, चोराची धास्ती जरा बाजूला ठेवा. उभ्या गाडीला चोरापेक्षा ओल आणि उंदीर जास्त खातात. वागळे इस्टेटमध्ये गॅरेज चालवलं, त्या काळात गावाहून टो होऊन आलेल्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की एअर फिल्टरच्या डब्यात गवत, कापूस आणि कुरतडलेली वायर ठरलेली.

दिवाळीपासून मेपर्यंत गाडी खुशाल तिथे ठेवा. पावसाळ्यात मात्र मी ठेवणार नाही. ते चार महिने ठाणे-भिवंडीकडे पत्र्याची शेड भाड्याने घ्या. पैसे जातील, पण आतला प्लायवूड फुगला तर त्याहून जास्त जातील.

जागा वरकसातलीच निवडा. खाचरात चाकं रुततात. चारही चाकांखाली दगडांचं सोलिंग आणि वर मुरूम दाबून घ्या. हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत ब्रेक चिकटतो. पहिला गिअर टाका आणि चाकांना दगड लावा. टायरमध्ये हवा पूर्ण हवी, आणि दर फेरीला गाडी पाव चाक पुढे घ्या.

आता उंदीर. पाण्याचा पाइप, गॅसची नळी, वायरिंग जिथून आत शिरतं त्या प्रत्येक भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबा आणि वरून सीलंट भरा. फोम आणि कापड ते कुरतडतात, तार नाही. बिस्किटाचा चुरासुद्धा आत राहता कामा नये. गाद्या-उशा घरी आणा. फ्रीज आणि कपाटांची दारं किलकिली ठेवा, पाण्याची टाकी रिकामी करा. वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळणं सर्वांत वाईट. आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते.

बॅटऱ्या दोन असतील, एक इंजिनाची, एक आतल्या दिवे-फ्रीजची. दोन्हींची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असली की मीटरवर 12.6 ते 12.7 व्होल्ट दिसतात. 12 च्या खाली ती फार दिवस राहिली तर परत धड उभी राहत नाही. कुणाला तरी सांगून पाच मिनिटं इंजिन नुसतं घुरघुरवून घेता का? तसं करू नका. त्याने बॅटरी भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. चालवायचीच तर वीसेक मिनिटं रस्त्यावर फिरवा. डिझेलची टाकी भरलेली बरी.

उन्हाळ्यात वणव्याचा धोका असतो. गाडीभोवती चार-पाच मीटर गवत मुळापासून काढा आणि गॅसचा सिलिंडर घरी आणा. बाजूच्या शेतकऱ्याला दरमहा काही ठरवून द्या. नुसतं ‘लक्ष ठेवा हं’ म्हटल्याने कोणी लक्ष ठेवत नाही, ते काम आहे.

शेतजमिनीचं म्हणाल, तर चाकांवर असलेली नोंदणीकृत गाडी उभी करणं वेगळं. चाकं काढून जोत्यावर बसवली, शोषखड्डा खणला, किंवा पाहुण्यांना भाड्याने देऊ लागलात, की ते अकृषिक वापराकडे झुकतं. मग महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 आड येतो. तसं मनात असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारा. खाचरात भात लावत राहा आणि पीकपाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, चुकवू नका.

प्रश्न : गाडी स्वतःच्याच जागेत उभी असते. विमा एखादं वर्ष बंद ठेवला तर?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ठेवू नका. थर्ड पार्टी विमा सार्वजनिक जागेसाठी सक्तीचा आहे हे खरं, पण फाटकाबाहेर चाक पडलं की तो लागतोच. आग आणि चोरी तर जागेवरच होतात, ती जोखीम नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही, सर्वसमावेशक पॉलिसीत येते. मुदत संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची हप्त्यातली सवलत, तीही जाते.