वाचकांचे प्रश्न : धुरावर वाळवलेली तंबाखू

प्रश्न : माझे वडील व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. त्यांच्या पश्चात कपाट आवरताना पाइपच्या तंबाखूचे दोन गोल डबे सापडले. दोन्हींवर ‘लताकिया’ असा उल्लेख आहे. एकावर सीरियाचे नाव आहे, दुसऱ्यावर सायप्रसचे. दोन्हींतील तंबाखू बरीचशी काळी आणि धुरकट वासाची आहे, तरी वास तंतोतंत एक नाही. हा फरक खरोखर प्रदेशाचा आहे की केवळ लेबलाचा? सीरियाची लताकिया हल्ली का मिळत नाही? आणि एकदा पाइप भरून चव पाहावी का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : फरक खरा आहे आणि तो आपल्या नाकाला जाणवला याचा मला आनंद वाटला, कारण या दोन तंबाखूंची तुलना करताना जाणकारही आधी डबा उघडून वासच घेतात.

तंबाखूचे पान काढल्यावर ते उन्हात वाळवतात, सावलीत वाऱ्यावर वाळवतात, बंद कोठीत लोखंडी नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर वाळवतात किंवा उघड्या धुरावर धरतात. नळ्यांच्या कोठीत धूर पानाला शिवत नाही. उघड्या धुरीत मात्र धूरच पानाला वास आणि चव देतो. लाकूड धुमसू लागले की त्यातील लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारे द्रव्य, फुटते आणि त्यातून ग्वायाकोल, सिरिंगोल यांसारखी फिनॉल गटातील द्रव्ये निघून पानावर बसतात. लाकडाची जात बदलली की या द्रव्यांचे आपसांतील प्रमाण बदलते, आणि लाकूड राळेचे असेल तर तिचा सुगंधही त्यांच्यात मिसळतो. त्यामुळे अशा तंबाखूचे गाव ओळखायचे असेल तर आधी तेथे सरपण कोणते जाळतात हे विचारावे, बियाण्याची आणि मातीची चौकशी त्यानंतर करावी, असे माझे ठाम मत आहे.

लताकिया हे मुळात सीरियाच्या भूमध्य किनाऱ्यावरील बंदराचे नाव. बंदराच्या मागे जी डोंगररांग उभी आहे, तेथील शेतकरी ‘शेक-अल-बिंत’ नावाच्या जातीची तंबाखू घेत आणि ओक, पाइन यांच्या धुरावर ती आठवडेच्या आठवडे धरत. ही रीत कशी सुरू झाली याची एक कथा सांगतात. एका वर्षी पीक इतके आले की सगळे विकले गेले नाही. उरलेले पान लोकांनी घराच्या आढ्याला टांगले, त्याला हिवाळाभर चुलीचा धूर लागला आणि वसंतात खाली काढले तेव्हा ते काळे आणि सुवासिक झालेले होते. कथेचा पुरावा मागण्यात अर्थ नाही, परंतु चुलीवरच्या आढ्याला बियाण्याची कणसे टांगलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती अशक्य वाटणार नाही. या पानाच्या वासात धूर असतो, पण तो पुढे पुढे करत नाही. त्याच्याखाली किंचित आंबूस, द्राक्षासवाची बाटली उघडल्यावर यावी तशी झाक असते आणि मागे धुपासारखे काहीतरी रेंगाळत राहते.

सायप्रसमध्ये पानही वेगळे आणि जळणही वेगळे. तेथे स्मर्ना, म्हणजे आजचे इझमीर, या भागातील लहान पानाची जात वापरतात. पान आधी उन्हात वाळवून मग त्याला धुरी देतात. धुरीसाठी मस्तकीची झुडपे, विलायती मेंदी, पाइन, सरू आणि थोडा ओक वापरतात. काष्ठौषधींच्या दुकानात आपल्याकडे जी रुमी मस्तकी मिळते, ती याच जातीच्या झुडपाची राळ होय. तिचा खडा निखाऱ्यावर टाकून पाहिला असेल तर सायप्रसच्या लताकियातील गोडसर, जड सुगंध कोठून येतो हे वेगळे सांगावे लागणार नाही. या पानात धूर आणि कमावलेले चामडे पहिल्याच श्वासाला समोर येतात. सीरियाच्या पानाइतका आंबूसपणा त्यात नसतो. मला स्वतःला सीरियाचे पान अधिक सूक्ष्म वाटते, मात्र सायप्रसच्या पानाचा भारदस्तपणा त्यात नाही, हेही मान्य केले पाहिजे.

एक दक्षता मात्र घ्या. लताकिया एकटी सहसा भरत नाहीत. आपल्या डब्यांत बहुधा मिश्रणे असतील, आणि दोन डब्यांच्या वासातील थोडा फरक इतर पानांमुळेही असू शकेल. चिमूटभर तंबाखू पांढऱ्या बशीत पसरून खिडकीच्या उजेडात पाहा. पिवळ्या-तांबूस पट्ट्या बहुतेक व्हर्जिनियाच्या असतात, हिरवट झाक असलेली लहान तुकड्यांची पाने तुर्की किंवा बाल्कन जातींची, आणि अगदी काळे तुकडे लताकियाचे. प्रत्येक डब्यातील फक्त काळे तुकडे वेचून दोन वाट्यांत ठेवा, झाका, आणि तासाभराने आळीपाळीने वास घ्या. जुन्या पानाचा वरवरचा धूर बराच उडून गेलेला असतो, म्हणून तुकडा बोटांत हलकेच चुरडावा. खालचा वास तेव्हा वर येतो.

सीरियाची लताकिया दुर्मीळ होण्याचे कारण त्याच सरपणात आहे. आठवडेच्या आठवडे धुरी द्यायची तर जंगल लागते, आणि डोंगर उघडे पडू लागल्यावर झाडे राखण्यासाठी सरकारला या धंद्याला आवर घालावा लागला. जुने साठे पुढे काही काळ पुरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायप्रसने ती जागा घेतली आणि आज पाइपच्या मिश्रणात ‘लताकिया’ म्हटले की बहुधा सायप्रसचेच पान समजावे. सीरियातील बंदराचे नाव आणि बेटावरचे पान, अशी ही आजची स्थिती आहे.

चव पाहण्याविषयी माझे उत्तर स्पष्टपणे ‘नको’ असे आहे. लताकियात निकोटीन तुलनेने कमी असते, त्यावरून ती सौम्य आणि म्हणून निरुपद्रवी, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. लाकडाच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे पानातील निकोटीनशी आणि त्याच्यासारख्या इतर अल्कलॉइडांशी संयोग पावून नायट्रोसामाइन तयार होतात, आणि काजळीतील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये पानावर बसतात. ही दोन्ही कर्करोगकारक आहेत, आणि पाइप न ओढता नुसता धुरी दिलेल्या पानाचा विचार केला तरी ती त्यात आधीच असतात. डबे जपून ठेवा, वास घ्या, झाकण घट्ट लावा. वडिलांची आठवण त्या वासात पुरेशी आहे.

प्रश्न : आम्ही नॅशव्हिलला राहतो. गेल्या शरदात केंटकीतील हॉपकिन्सव्हिलकडे जाताना शेतांतील उंच लाकडी कोठारांच्या वळचणीतून दाट धूर निघताना पाहिला. आग लागली म्हणून फोन करणार होतो, तेवढ्यात पेट्रोल पंपावरच्या माणसाने ही तंबाखू असल्याचे सांगितले. ही तंबाखू आणि लताकिया एकच का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : धुरी दोन्हींना आहे, पण जात निराळी आणि स्वभाव तर अगदीच निराळा. आपण पाहिली ती ‘डार्क-फायर्ड’ तंबाखू, आणि नैर्ऋत्य केंटकी व त्याला लागून असलेला टेनेसीचा भाग हे तिचे घर आहे. झाडे बुडातून तोडून काठ्यांवर ओवतात आणि कोठारात मजल्यामजल्याने टांगतात. पान आधी पिवळे पडू देतात. मग जमिनीवर हिकरी आणि ओकच्या फळ्या पेटवून त्यांवर लाकडाचा भुसा लोटतात, त्यामुळे ज्योत उठत नाही, फक्त धूर होतो. हे कौशल्याचे काम आहे. भुशातून ज्योत वर आली तर आपल्याला वाटलेली भीती खरी ठरते आणि वर्षाचे पीक कोठारासकट जाते.

हे पान जाड, गडद आणि निकोटीनने भरलेले असते, आणि त्यात साखर अगदी कमी असते. लताकियात राळेचा सुगंध आणि चामड्याचा वास असतो, तर येथे पक्क्या लाकडाचा धूर आणि मिरपुडीसारखा तिखटपणा असतो, कारण हिकरी आणि ओक यांत मस्तकीसारखी राळ नाही. पाइपच्या मिश्रणात लताकिया सढळ हाताने घालता येते. केंटकीचे पान मात्र बेताने घालावे लागते, नाहीतर ते बाकीच्यांना बोलू देत नाही. या पिकाचा मोठा हिस्सा पाइपकडे न जाता ओठाखाली ठेवायच्या ओल्या तपकिरीकडे जातो.

आपण ज्या गावाकडे चालला होता त्याला मोठा इतिहास आहे. गडद पानावरून या मुलखाला ‘ब्लॅक पॅच’ म्हणत. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या मक्तेदारीमुळे भाव कोसळले, तेव्हा 1904 मध्ये शेतकऱ्यांनी संघटना उभारली. पुढे त्यांच्यातील ‘नाइट रायडर्स’ म्हणवणाऱ्या टोळ्यांनी संघटनेला न जुमानणाऱ्यांची रोपे उपटली, कोठारे जाळली, आणि डिसेंबर 1907 मध्ये रात्री हॉपकिन्सव्हिलवर चालून जाऊन तंबाखूच्या वखारींना आग लावली. 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती कंपनी फोडण्यात आली. शेतकऱ्यांची तक्रार न्याय्य होती, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. पण त्यांनी जाळलेल्या कोठारांत त्यांच्यासारख्याच शेतकऱ्यांचे पीक होते.

याच जातीचे बियाणे इटलीतही रुजले आहे. तस्कनीत आणि दक्षिणेकडे बेनेव्हेंतोच्या परिसरात ‘केंटकी’ नावानेच ते पिकते, ओकसारख्या कठीण लाकडाच्या धुरावर वाळते, आणि तोस्कानो सिगारमध्ये वापरले जाते.

प्रश्न : आमच्या निपाणी भागात तंबाखूच्या वखारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण धुरी कोणी देत नाही. असे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आपल्याकडची तंबाखू विडीची, आणि विडीला धुराचा वास चालत नाही, शिवाय पीक काढणीला येते तेव्हा पाऊस संपून कोरडे ऊन पडलेले असते, त्यामुळे पान शेतातच वाळते आणि जळणाचा खर्च वाचतो. धुरीची रीत मात्र आपल्यापासून फार दूर नाही. श्रीलंकेतील जाफना येथे खाण्याच्या तंबाखूला नारळाच्या सोडणांची धुरी देतात, आणि तो माल एकेकाळी समुद्रमार्गे त्रावणकोरात येत असे. तेथे जंगल तोडावे लागले नाही, कारण जळण नारळ सोलल्यावर दारातच पडलेले असे.