अमेरिकेत राज्याचं बजेट अडलं की करवाढीच्या एका मतासाठी आमदार एवढे का घाबरतात? पक्षाने व्हिप काढला की झालं ना?

नाही, तिकडे व्हिप काढून काही होत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, पक्षाचा आदेश मोडून मत दिलं की आमदारकी जाऊ शकते, त्यामुळे बजेटला आपला आमदार काय "विचार" करतोय याला फारसा अर्थ नसतो. उत्तराखंडात मार्च २०१६ ला विनियोजन विधेयकावरून (म्हणजे सरकारच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या विधेयकावरून) काँग्रेसचे ९ आमदार फुटले तर ते अपात्र ठरले आणि राष्ट्रपती राजवटीपर्यंत प्रकरण गेलं. शिवाय आपल्याकडे कर वाढवायला दरवेळी सभागृहात हात वर करावा लागतोच असं नाही, जून २०२० ला महाराष्ट्रात पेट्रोल-डिझेल २ रुपयांनी वाढलं ते एका अधिसूचनेवर, कुठल्या आमदाराला त्याबद्दल मतदारसंघात कुणी जाब विचारला असेल असं वाटत नाही.

अमेरिकेतल्या राज्यांत उलटं आहे. आमदार पक्षाच्या विरोधात मत देऊ शकतो, आमदारकी जात नाही, पण त्याचं नाव त्या मताला कायमचं चिकटतं. मला हे जवळून बघायला मिळालं ते कॅलिफोर्नियात, २००९ ला, मी तेव्हा राज्याची राजधानी सॅक्रामेंटोच्या बाजूला फोल्समला राहायचो. इतर राज्यांचं मला तितकं माहीत नाही म्हणून कॅलिफोर्नियाचंच सांगतो, पण तुमचा प्रश्न त्यात पूर्ण बसतो.

आधी आकडे, कारण सगळी गंमत आकड्यांत आहे. तिथे सिनेटमध्ये ४० जण आणि असेंब्लीत ८०. १९७८ ला लोकांनी प्रॉपोझिशन १३ नावाचा प्रस्ताव थेट मतदानाने मंजूर केला, त्याने घरावरचा कर किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकला आणि वर हेही घातलं की राज्याचा कुठलाही कर वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पाहिजेत. बजेट पास करायला दोन तृतीयांश लागायचे ते त्याच्याही आधीपासून. म्हणजे २७ आणि ५४. २००९ च्या फेब्रुवारीत डेमोक्रॅट होते २४ आणि ५१. दोन्हीकडे बरोबर तीन-तीन कमी. म्हणजे सत्ता एकाची आणि किल्ली दुसऱ्याकडे, आणि ती पण त्या दुसऱ्या पक्षाकडे नाही तर त्यातल्या सहा माणसांच्या खिशात.

आणि खड्डा केवढा, तर जून २०१० पर्यंतचा मिळून सुमारे ४२ अब्ज डॉलर! कॅलिफोर्नियाचं उत्पन्न बरंचसं श्रीमंतांच्या इन्कम टॅक्सवर आणि शेअर्सच्या नफ्यावर चालतं, २००८ ला बाजार कोसळला तसा तिजोरीला तळ दिसला. राज्याला नोटा छापता येत नाहीत. फेब्रुवारीत राज्याने लोकांचे टॅक्स रिफंड थांबवले, सरकारी कर्मचाऱ्यांना महिन्यातले दोन शुक्रवार बिनपगारी सुट्टी सुरू केली, आरटीओसारखी जी डीएमव्हीची ऑफिसं असतात ती पहिल्या आणि तिसऱ्या शुक्रवारी बंद. आमच्या शेजारी एक काका राज्याच्या खात्यात होते, पगारात ९-१० टक्क्यांची कात्री लागलेली तरी मंडळाच्या मीटिंगला म्हणायचे, शुक्रवारी ठेवा रे, आता मला सरकारनेच मोकळं केलंय.

आता भीतीचं बोलू. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आमदार जनतेला घाबरतो, करवाढ केली म्हणजे लोक पाडतील. तसं थोडं असतं, पण खरी भीती विरोधी पक्षाच्या उमेदवाराची नसतेच. तेव्हा मतदारसंघ असे आखलेले असायचे की बहुतेक जागा कुठल्या पक्षाच्या ते आधीच ठरलेलं असायचं, मग खरी निवडणूक व्हायची ती प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणाऱ्या मतदानाला, आणि तिथे यायचे ते पक्षातले सगळ्यात कट्टर लोक. रिपब्लिकन पक्षात "कर वाढवणार नाही" अशी लेखी शपथ घ्यायची पद्धत आहे, त्यांच्या बहुतेक आमदारांनी ती घेतलेली, सही करून. ती मोडली की प्रायमरीतला समोरचा माणूस तुमचा सहीचा कागद नाचवणार. आपल्याकडे तिकीट कापतात वरचे, तिकडे कापतात खालचे.

आणि याचा पुरावा हवा असेल तर त्या सहा जणांनी मताच्या बदल्यात काय मागितलं ते बघा, माणसाची मागणी बघितली की त्याला कशाची भीती आहे ते कळतं. तिसरं सिनेट मत होतं एबल मालडोनाडो यांचं. सांता मारियाचे, शेतमजूर आई-वडिलांचा मुलगा. हे गृहस्थ २००६ ला कंट्रोलर पदासाठी (राज्याचे हिशेब बघणारं, निवडून द्यायचं पद) उभे राहिले होते आणि हरले कुठे, तर स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत. तर २००९ ला सगळं राज्य त्यांच्या एका मतावर अडलेलं असताना त्यांनी मागितलं काय? पक्षनिहाय प्रायमरीच बंद करा, सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर ठेवा, पहिले दोन पुढे जातील मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. हे लोकांसमोर मतदानाला टाकायचं वचन घेतलं. शिवाय तुटीच्या वर्षात आमदारांना पगारवाढ नको, पेट्रोलवर गॅलनमागे १२ सेंट वाढणार होते ते काढा, आणि हो, कंट्रोलरच्या ऑफिसच्या नव्या फर्निचरचे सुमारे दहा लाख डॉलर पण काढा. (ज्या पदावर स्वतःला जाता आलं नाही त्या ऑफिसातल्या खुर्च्यांवर राग, हे वाचून आम्ही खूप हसलो होतो.) पेट्रोलची वाढ गेली, तो खड्डा भरायला इन्कम टॅक्स पाव टक्का वाढवला.

लोक याला ब्लॅकमेल म्हणाले. मला तसं पूर्ण वाटत नाही. सौदा होताच, पण निदान उघड होता, आणि त्या मताने त्यांचं पुढचं तिकीट संपणार हे त्यांना आणि सगळ्यांना माहीत होतं.

त्या रात्रींचं थोडं सांगतो. सिनेटचे डेमोक्रॅट नेते डॅरेल स्टाइनबर्ग यांनी मत मिळेपर्यंत सभागृह सोडायचं नाही असं फर्मावलं, तर लोक ऑफिसच्या सोफ्यांवर, खुर्च्यांत झोपले. बोलणी करणारे पाच जण, गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखे, राज्यपालासारखे नाही) आणि दोन्ही सभागृहांतले दोन्ही पक्षांचे नेते, याला तिकडे "बिग फाइव्ह" म्हणतात, आणि बाकीचे शंभरावर आमदार निरोपाची वाट बघत बसतात. गव्हर्नर श्वार्झनेगर स्वतः रिपब्लिकन, पण त्यांच्या पक्षाचे आमदार त्यांचं ऐकत नव्हते. सिनेटमधले रिपब्लिकन नेते डेव्ह कॉग्डिल यांनी सौदा ठरवण्यात भाग घेतला म्हणून त्यांच्याच लोकांनी मधल्या एका रात्री त्यांना नेतेपदावरून काढलं आणि डेनिस हॉलिंग्सवर्थ यांना बसवलं, जे करवाढीच्या ठाम विरोधात होते. म्हणजे मतदान अजून व्हायचंय आणि शिक्षा आधीच. कॉग्डिल यांनी तरीही बाजूने मत दिलं. १९ फेब्रुवारीला पहाटे पास झालं, सिनेटमध्ये कॉग्डिल, रॉय ॲशबर्न, मालडोनाडो आणि असेंब्लीत माइक व्हिलाइन्स, रॉजर निएलो, अँथनी ॲडम्स.

खर्चात साधारण १५ अब्जांची कपात, साडेबारा अब्जांच्या आसपास नवे कर, बाकी कर्ज आणि केंद्राची मदत. आमच्यासारख्यांना ते असं दिसलं: एक एप्रिलपासून सेल्स टॅक्स १ टक्क्याने जास्त, गाडीच्या किमतीवरची वार्षिक फी ०.६५ वरून १.१५ टक्के, म्हणजे दहा हजारांच्या गाडीला ६५ चे ११५ डॉलर, आणि मुलांमागे मिळणारी टॅक्समधली सूट तीनशेच्या वरून शंभरच्या आत. दोन पोरं असलेल्या घराला सगळ्यात जास्त हीच टोचली आणि गंमत म्हणजे तिच्याबद्दल सगळ्यात कमी ओरड झाली, कारण ती एप्रिलमध्ये फॉर्म भरताना दिसते आणि सेल्स टॅक्स रोजच्या पावतीवर.

डेमोक्रॅटांना काहीच धोका नव्हता असं समजू नका. त्यांनी शाळांचे आणि गरिबांच्या योजनांचे पैसे कापायला हो म्हटलं, त्यांच्या मागे युनियन असतात. पण त्यांच्या अंगावर तेवढं नाव नाही आलं, पंचाहत्तर जणांत एकटा कोण दिसतो. सहा जण मात्र बोटावर मोजता येतात.

पुढे काय झालं ते बघा. लॉस एंजेलिसच्या रेडिओवर या लोकांविरुद्ध मोहीम सुरू झाली, मुंडकी काठीला लावलेली चित्रं वगैरे. ॲडम्सना मुदतीआधीच पदावरून काढायचं मतदान घ्यावं म्हणून सह्या गोळा केल्या, तेवढ्या भरल्या नाहीत, पण त्यांनी पुन्हा उभं राहायचंच सोडलं. इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे: तिकडे तेव्हा असेंब्लीत तीन आणि सिनेटमध्ये दोनच टर्म करता यायच्या. व्हिलाइन्स, निएलो, ॲशबर्न यांची मुदत २०१० ला तशीही संपत होती. असेंब्लीतल्या तिघांत पुढे अजून एक टर्म शिल्लक असलेले ॲडम्सच, आणि सगळा नेम त्यांच्यावरच. म्हणून जोखमीचं मत शोधणारे आधी काय बघतात, तर कोणाला परत उभं राहायचं नाहीये.

व्हिलाइन्स २०१० ला विमा आयुक्तपदासाठी उभे राहिले, हरले. मालडोनाडो यांना श्वार्झनेगरनी लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, केलं, त्याच वर्षीच्या निवडणुकीत गॅव्हिन न्यूसमनी त्यांना हरवलं. त्यांची प्रायमरीवाली मागणी मात्र जून २०१० ला लोकांनी मंजूर केली आणि आजही तीच पद्धत चालू आहे. २०१२ ला ते त्याच पद्धतीने काँग्रेसला, म्हणजे देशाच्या संसदेला, उभे राहिले, तिथेही पडले.

आणि ज्यासाठी एवढं केलं ते बजेट? मे २००९ ला त्याचे उरलेले भाग लोकांसमोर मतदानाला गेले, पाच आपटले, पास झाला एकच, आमदारांच्या पगारवाढीवर बंदीचा. जुलैत राज्याकडे परत रोकड नाही, मग चेकऐवजी "नंतर देतो" असे कागद निघाले, साधारण साडेचार लाख, मिळून सुमारे २.६ अब्ज डॉलर, त्यावर ३.७५ टक्के व्याज, आणि मोठ्या बँकांनी थोड्याच दिवसांत ते घ्यायचे बंद केले. आमच्या ओळखीच्या एका छोट्या कंत्राटदाराकडे असा कागद आलेला, रंगाने-आकाराने चेकच वाटायचा, बँकेच्या खिडकीवर नेला तर बाई म्हणाली याचं आम्ही काही करू शकत नाही. त्याच्या माणसांचा पगार मात्र त्याच शुक्रवारी द्यायचा होता.

नोव्हेंबर २०१० ला लोकांनी बजेटसाठी साधं बहुमत पुरेल असं केलं, आणि बजेटला उशीर झाला तर आमदारांचाच पगार कापायचा हेही. त्यामुळे आता तशी कोंडी होत नाही. करवाढीला दोन तृतीयांश मात्र तसेच ठेवले, म्हणून जोखीम संपली नाही, नुसती सरकली. एप्रिल २०१७ ला रस्ते दुरुस्तीसाठी पेट्रोलवर गॅलनमागे १२ सेंट वाढवले (हो, तेच १२, आठ वर्षांनी). सिनेटमध्ये बरोबर २७ मतं पडली. एक डेमोक्रॅट विरोधात गेला, म्हणून एक रिपब्लिकन लागला, अँथनी कॅनेला, त्यांना त्यांच्या भागातल्या रेल्वे आणि रस्त्यासाठी सुमारे अर्धा अब्ज डॉलर मिळाले आणि त्यांची मुदत २०१८ ला संपतच होती. बळी गेला तो डेमोक्रॅट जॉश न्यूमन यांचा, ऑरेंज काउंटीचे नवखे आमदार, २०१६ ला अडीच हजारांच्या आसपास मतांनी निवडून आलेले. त्या मतावरून सह्या झाल्या, या वेळी भरल्या, आणि जून २०१८ ला त्यांना मतदारांनी मधूनच घरी पाठवलं. इतर २६ जणांनीही तेच मत दिलं होतं. विरोधकांनी सगळ्यात कच्चा मतदारसंघ निवडला, एवढंच. आणि कहर म्हणजे पाचच महिन्यांनी तोच पेट्रोल कर रद्द करायचा प्रस्ताव लोकांसमोर आला तर राज्यातल्या लोकांनी तो फेटाळला, म्हणजे कर राहिला, आमदार गेला.

तर घाबरतात ते नाटक नसतं. पण कायमचं संपतात असंही नाही. न्यूमन २०२० ला तीच जागा परत जिंकले, २०२४ ला पुन्हा हरले. आणि त्या सहांतले निएलो, २०१० ला सिनेटच्या पोटनिवडणुकीत स्वतःच्या पक्षाच्या माणसामागे पडलेले, २०२२ ला सिनेटवर निवडून आले आणि बसलेत कुठे, तर बजेट कमिटीवर.