काल ऐकू येत होतं, आज नाही

कानांविषयी येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. ऐकू येणं जातं, काही दिवसांनी परत येतं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं नॉर्मल. घरची माणसं म्हणतात, ‘तुला सोयीपुरतं ऐकू येतं.’ हे वाक्य ऐकून माझ्यासमोर रडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून आज फक्त याच विषयावरची पत्रं घेते आहे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची, सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका. दीड वर्षात चार वेळा उजव्या कानाला दडा बसला. ऐकू कमी येतं, आत ट्रान्सफॉर्मरसारखं घूं वाजत राहतं आणि दोन-तीन दिवसांत कान आपोआप मोकळा होतो. दोनदा श्रवणचाचणी केली, दोन्ही वेळा नॉर्मल. घरचे म्हणतात, टेन्शन घेतेस. आता मलाही तसंच वाटू लागलंय.

तसं वाटून घेऊ नका. तुम्ही पाठवलेले दोन्ही रिपोर्ट मी तारखांसकट पाहिले. दोन्ही चाचण्या कान मोकळा झाल्यानंतरच्या आहेत. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावला तर तो काय दाखवणार? तुमची तक्रार खोटी ठरलेली नाही, चाचणीचा दिवस चुकला आहे.

आता एकच काम करायचं. जवळच्या ऑडिओलॉजिस्टशी (श्रवणचाचणी करणाऱ्या तज्ज्ञाशी) आत्ताच, कान चांगला असताना, बोलून ठेवा : ‘मला पुन्हा दडा बसला की त्याच दिवशी येईन, मधे घ्याल का?’ बहुतेक जण हो म्हणतात. त्या दिवशी प्युअर टोन ऑडिओमेट्री आणि टिंपॅनोमेट्री, दोन्ही करा. पहिली चाचणी किती ऐकू येतं ते सांगते, दुसरी पडद्यामागच्या पोकळीची स्थिती. चांगल्या दिवसाचे रिपोर्टही फेकू नका. दोन आलेख शेजारी ठेवले की जे दिसतं, ते एकट्या आलेखात दिसत नाही.

दडा बसलेला असताना घरी एक छोटी गोष्ट करून बघा. तोंड मिटून ‘म्‌ऽऽ’ असा लांब हुंकार द्या. तो बंद कानात जास्त घुमला, तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे : मळ, पाणी, सर्दी. चांगल्या कानाकडे सरकला, तर आतल्या कानाचा संशय घ्यायचा. डॉक्टर नादकाटा वाजवून कपाळावर ठेवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. पण हा हुंकार चाचणीची जागा घेत नाही, घाई किती करायची एवढंच सांगतो.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय आतल्या कानातल्या द्रवावर आहे. एंडोलिम्फ नावाचा हा द्रव वाढला की सहसा खर्जातलं ऐकू येणं आधी घटतं. पुरुषांचा आवाज दबका वाटतो, उलट ताटं-वाट्यांचा खणखणाट सोसवत नाही. तुम्ही शाळेत पेटी वाजवता असं लिहिलंय. दडा बसलेला असताना एकच सूर दोन कानांत थोडा वेगळा लागतो का, ते बघा. लागत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, तो महत्त्वाचा धागा आहे.

याच त्रासाला गरगरण्याची जोड मिळाली की मेनिएरच्या आजाराचा विचार होतो. अशी चक्कर मेंदूतून येते असं समजलं जायचं, तेव्हा १८६१ मध्ये पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर यांनी तिचं मूळ कानात असू शकतं असं मांडलं. २०१५ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार पक्क्या निदानासाठी २० मिनिटं ते १२ तास टिकणारे चक्करेचे किमान दोन झटके लागतात, आणि खालच्या-मधल्या पट्टीतलं ऐकू येणं घटल्याचा निदान एक ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख. म्हणजे ते कागदावर पकडलेलं असलं पाहिजे. तुम्हाला चक्कर नाही, त्यामुळे आज हे नाव लावता येणार नाही. काहींना ती पुढे येते, काहींना कधीच येत नाही. अर्धशिशीचा त्रास असलेल्यांतही असे चढउतार दिसतात, म्हणून डोकेदुखीचा इतिहास सांगायला विसरू नका.

एक वही ठेवा. तारीख, कोणता कान, किती तास, आवाज कसा, चक्कर, डोकेदुखी, झोप, पाळी, आदल्या दिवशीचं जेवण. मीठ कमी करा. त्याचा पुरावा भक्कम नाही, पण पापड-लोणचं-फरसाण आवरल्याने नुकसान तर नाही. तुम्हाला दिलेल्या बीटाहिस्टीनबद्दल मात्र स्पष्ट सांगते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत मेनिएरच्या चक्करेचे झटके या गोळीने नकली गोळीपेक्षा जास्त कमी झाले नाहीत. तुम्हाला तर चक्करच नाही. ती चालू ठेवायची का, हे पुढच्या भेटीत विचाराच.

प्रश्न : वय २९, पुण्यात नोकरी. रात्री ठीक झोपलो, सकाळी डावा कान बंद. मेडिकलमधून मळाचे थेंब आणले. आज नववा दिवस. मागच्या वर्षीही असंच झालं होतं आणि पाच दिवसांत आपोआप बरं झालं, म्हणून वाट बघतोय.

वाट बघू नका. हे उत्तर तुम्हाला आधीच कळवलं आहे, इथे इतरांसाठी छापते आहे.

७२ तासांच्या आत, आवाजाच्या लागून असलेल्या तीन पट्ट्यांत ३० डेसिबल किंवा जास्त घट, आणि दोष आतल्या कानात, याला अचानक आलेलं बहिरेपण म्हणतात. ही तातडीची बाब आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक, आणि जितक्या लवकर तितका बरा. पुरेसा फरक पडला नाही तर पडद्यातून मधल्या कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, तेही साधारण सहा आठवड्यांच्या आत. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण साखर चढते. काही जणांचं आपोआप परत येतं हे खरं, पण आपण त्यातले आहोत का, हे वेळ निघून गेल्यावरच कळतं. मळ आहे की नाही, हे कानात प्रकाश टाकून मिनिटभरात दिसतं. त्यावर नऊ दिवस घालवू नयेत.

तुमचं दुसऱ्यांदा होतंय, म्हणून श्रवणनसेवर गाठ नाही ना हे बघायला एमआरआय हवाच. ती क्वचित सापडते आणि कर्करोगाची नसते, पण बघावी लागते. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये विमानातून उतरल्यावर अचानक ऐकू येईनासं झाल्याचं जाहीरपणे सांगितलं, त्यानंतर काही आठवडे तरुण रुग्ण लवकर येत होते. ती घाई टिकायला हवी होती.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. शाळेतून तक्रार, ‘लक्ष देत नाही.’ सर्दी झाली की टीव्ही मोठा लावतो, नंतर ठीक असतो. सासूबाई कानात कोमट तेल घालतात. (चिपळूण)

तेल आजपासून बंद. सासूबाईंचा हेतू मायेचाच आहे, पण पडद्याला छिद्र असेल तर तेल आत उतरतं, आणि नसेल तर पडद्यामागच्या पाण्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

या वयात सर्वात नेहमीचं कारण म्हणजे पडद्यामागे साचणारा चिकट द्रव, बरेचदा वाढलेल्या ॲडिनॉइडमुळे (नाकामागच्या ग्रंथीमुळे). दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. टिंपॅनोमेट्रीत सपाट रेघ येते. पुष्कळदा तो तीन महिन्यांत आपोआप जातो. टिकून राहिला आणि ऐकणं घटलेलं असेल, तर पडद्यात बारीक नळी बसवतात. तोवर वर्गात पहिल्या बाकावर बसवायला सांगा आणि बाईंना कारण सांगा, मार वाचेल.

पण टिंपॅनोमेट्री नॉर्मल असूनही ऐकू येणं खाली-वर होत असेल, तर थांबू नका. डोक्याला साधा धक्का लागल्यावर ऐकणं घटलं, तर आतल्या कानाची एक नलिका जन्मतः रुंद असू शकते, ती स्कॅनमध्ये दिसते. अशा मुलाने डोक्याला मार बसेल असे खेळ टाळायचे. क्वचित एखाद्या मुलाचं ऐकणं फक्त ताप चढला की जातं आणि ताप उतरला की परत येतं. तो नसेच्या संदेशवहनातला जनुकीय दोष असतो. आईने ‘तापातच होतं’ एवढं सांगितलं तरी तपासाची दिशा बदलते.

प्रश्न : वय ५४, नाशिक. आठ महिन्यांत दोन्ही कान पायरी-पायरीने उतरले. स्टेरॉइड घेतलं की वर येतात, बंद केलं की पुन्हा खाली. डॉक्टर म्हणतात, कारण सापडत नाही.

कारण सापडलं नाही, पण तुमच्या कानांनी खूण दिली आहे. दोन्ही कान, आठवड्यांत-महिन्यांत घसरण, आणि स्टेरॉइडला प्रतिसाद : हे वर्णन शरीराची प्रतिकारशक्ती आतल्या कानावर उलटल्याचं असतं. १९७९ मध्ये मकेब या अमेरिकी डॉक्टरांनी हा आजार वेगळा मांडला. तो सिद्ध करणारी एकही खात्रीची रक्तचाचणी आजवर नाही, म्हणून रिपोर्ट कोरे येतात. स्टेरॉइडने सुधारलेला ऑडिओग्राम हाच मोठा पुरावा, म्हणून प्रत्येक टप्प्याचा आलेख जपा.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांधे आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या तज्ज्ञांना, भेटा. डोळे लाल होणं, सांधे दुखणं, तोंड येणं, अंगावर चट्टे, जे असेल ते सांगा. डोळे आणि कान एकत्र बिघडत असतील तर तातडीने. सिफिलिसची तपासणी सांगितली तर अपमान मानू नका. तो बरा होणारा आजार आहे आणि अशाच रूपात येऊ शकतो. क्षयासाठी किंवा मोठ्या संसर्गासाठी अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन अशी कानाला इजा करू शकणारी इंजेक्शनं घेतली होती का, तेही आठवा.

घरात उरलेलं स्टेरॉइड मनाने घेऊ नका आणि अचानक थांबवूही नका. मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर मोठी आशा होती, पण २००३ च्या अमेरिकेतल्या चाचणीत स्टेरॉइडने मिळवलेलं ऐकणं ते टिकवू शकलं नाही. इतर औषधं आहेत, ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची. आणि शेवटी ऐकणं गेलंच, तरी अशा रुग्णांना कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा) सहसा चांगला उपयोग होतो.

प्रश्न : माझे यजमान बँकेत काउंटरवर आहेत. कधी ऐकतात, कधी नाही. ग्राहक चिडतात, घरी भांडणं होतात. एमआरआय नॉर्मल. आता काय करायचं?

नॉर्मल एमआरआयने गाठ नाही एवढं कळलं, ही चांगली बातमी. ऐकणं तर एमआरआयमध्ये दिसतच नाही. दर सहा महिन्यांनी, आणि प्रत्येक वाईट दिवशी, ऑडिओग्राम करत राहा. नाव मिळायला कधी वर्षं लागतात, पण जगणं तोवर थांबवायचं नाही.

श्रवणयंत्र घेताना ऑडिओलॉजिस्टना सांगा की ऐकणं बदलतं. चांगल्या आणि वाईट दिवसासाठी दोन वेगळे प्रोग्राम यंत्रात भरता येतात, बटण दाबून बदलायचे. बोललेलं मराठीत उमटवणारी मोफत ॲप आता फोनवर आहेत, काउंटरवर तो फोन समोर उभा ठेवा. बसण्याची जागा अशी मागा की चांगला कान ग्राहकाकडे राहील आणि उजेड ग्राहकाच्या तोंडावर पडेल. सरकारी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मात्र दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल घट लागते, त्यामुळे खाली-वर होणारे कान बरेचदा त्यात बसत नाहीत. तरी ऑडिओग्राम जोडून शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या.

घरात एक ठरवून टाका : सकाळी उठल्यावर ते सांगतील, ‘आज उजवा बंद आहे.’ मग दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, समोर जाऊन बोलायचं.